बाळंतपणात सोबत करायला शिकावे काय लागते?

मी डूला आहे असे सांगितले की पहिला प्रश्न बहुधा ‘म्हणजे सुईण का?’ असा येतो, आणि त्याला नाही म्हटले की लगेच दुसरा येतो: सुईण नाही, नर्स नाही, डॉक्टर तर नाहीच, मग बाळंतिणीजवळ नुसते बसायला प्रशिक्षण कशाला हवे? विचारणाऱ्यांमध्ये गर्भवती मुलींच्या आया असतात, या कामात येऊ पाहणाऱ्या तरुणी असतात, आणि घरातल्या बाळंतपणांत रात्री जागवूनही त्याबद्दल कधी कोणाकडून एक रुपया न घेतलेली माझ्याच नात्यातली वडीलधारी माणसेही असतात. प्रश्न रास्त आहे, आणि तो समारंभात उभ्याउभ्या दिलेल्या उत्तराने सुटत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

आधी कामाची हद्द सांगायला हवी, कारण प्रशिक्षणाची सुरुवातही तिथूनच होते. डूला गर्भाशयाचे तोंड किती उघडले ते तपासत नाही, रक्तदाब घेत नाही, बाळाचे ठोके मोजत नाही, औषध सुचवत नाही आणि बाळ हातात झेलत नाही. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत ती त्या बाईला आणि तिच्या घरच्यांना भेटते, कळा जोर धरू लागल्या की तिच्याजवळ येते, बाळ पहिल्यांदा अंगावर पिईपर्यंत तिथेच राहते आणि पुढे घरीही एकदा जाऊन येते. सिस्टरांच्या पाळ्या बदलतात, डॉक्टर तपासून दुसऱ्या खाटेकडे वळतात, पण डूला जात नाही, एवढाच तिच्यातला आणि इतरांमधला मुख्य फरक आहे.

मग ही जागा रिकामी झालीच कशी? याचे उत्तर बाळंतपण घरातून दवाखान्यात गेले त्या बदलात आहे. जुन्या दिवसांचे गोडवे मला गायचे नाहीत. भारतात २००४-०६ या काळात दर एक लाख जिवंत जन्मांमागे २५४ माता दगावत होत्या, २०१८-२० मध्ये ते प्रमाण ९७ वर आले आणि महाराष्ट्रात तर ३३ वर. या घसरणीत दवाखान्यातल्या बाळंतपणांचा वाटा मोठा आहे, आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार आपल्या राज्यात सुमारे ९५ टक्के बाळंतपणे आता तिथेच होतात. मात्र या स्थलांतरात लेबर रूमच्या दाराशी एक वाटणी झाली. बाळंतीण आत गेली, आणि तिची आई, मावशी, जाऊ अशी कंबर दाबणारी, तोंडाला पाणी लावणारी सगळी माणसे बाहेरच्या बाकावर बसली. आत तिला सुरक्षितता मिळाली आणि ओळखीचा एकही चेहरा मिळाला नाही. डूला हा पेशा त्या बाकावर बसवून ठेवलेल्या कामाला पुन्हा आत नेण्याचा प्रयत्न आहे.

ही भावनेची गोष्ट नाही, हे पटवायला मी दोन अभ्यासांचा आणि एका आढाव्याचा आधार घेते. ग्वाटेमालातल्या एका सरकारी रुग्णालयातला छोटा अभ्यास १९८० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात गुंतागुंत न झालेल्या बायकांपैकी ज्यांना सोबत मिळाली त्यांचे दाखल झाल्यापासून बाळ जन्मेपर्यंतचे सरासरी तास ८.८ होते, आणि ज्या एकट्या होत्या त्यांचे १९.३. त्यानंतर, तो अभ्यासही करणाऱ्या मार्शल क्लाउस आणि जॉन केनेल या डॉक्टरांच्या गटाने अमेरिकेतल्या ह्यूस्टनमध्ये केलेला मोठा अभ्यास १९९१ मध्ये आला, आणि मला तोच अधिक बोलका वाटतो. त्यात पहिलटकरणींचे तीन गट होते. एका गटाला अखंड सोबत देणारी बाई मिळाली, दुसऱ्या गटाच्या खोलीत एक निरीक्षक बसून नुसत्या नोंदी करत राहिली आणि बाळंतिणीशी बोलली नाही, तर तिसऱ्या गटाला नेहमीची रुग्णालयीन सेवा मिळाली. सिझेरियनचे प्रमाण अनुक्रमे ८, १३ आणि १८ टक्के आले. मधल्या आकड्याकडे पाहावे, म्हणजे कोपऱ्यात गप्प बसलेल्या परक्या बाईनेही काहीतरी बदलते हे दिसते. पुढे २०१७ मध्ये, वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या आढाव्यात १७ देशांतल्या १५,८५८ बायकांवरच्या २६ चाचण्या एकत्र केल्या गेल्या. सोबतीने सिझेरियनची शक्यता कमी होते आणि कळांचा काळ सरासरी सुमारे ४० मिनिटांनी घटतो, असे त्यात दिसले. पुराव्याचा दर्जा फारसा वरचा नाही, असेही त्याच आढाव्यात म्हटले आहे, आणि ज्या डूला ‘माझ्यासोबत नॉर्मलच होणार’ असे सांगतात त्यांनी ते वाक्य जरूर वाचावे.

आता प्रत्यक्ष शिक्षणाकडे येते. वर्गातला पहिला भाग शरीराचा असतो, आणि तो बहुतेकींना वाटतो त्यापेक्षा रंजक असतो. फुग्यात पिंगपाँगचा चेंडू घालून फुगा फुगवतात आणि वरून दाबत राहतात. फुग्याची लांब मान आधी आखूड होते आणि मग तोंड उघडते, आणि गर्भाशयाचे तोंडही कळांनी आधी पातळ होऊन मग उघडते हे एका मिनिटात कळते. त्यामुळे ‘इतके तास झाले आणि तीनच सेंटिमीटर’ या वाक्याने हादरलेल्या नवऱ्याला, मधल्या वेळात शरीराने काहीच केले नाही असे नाही, हे समजावता येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शनानुसार कळांचा सक्रिय टप्पा ५ सेंटिमीटरपासून धरावा आणि पहिलटकरणीला तिथून पुढे बारा तासांपर्यंत लागू शकतात. एवढी माहिती घरच्यांना नवव्या महिन्यातच मिळाली, तर पहिल्या सौम्य कळेला दवाखान्यात धावण्याची आणि तिथे रात्रभर घड्याळाकडे पाहत बसण्याची वेळ बऱ्याचदा टळते.

दुसरा भाग हातांचा आहे. माकडहाडाच्या वर तळव्याने नेमका कुठे आणि किती जोर द्यायचा, दोन्ही बाजूंनी कमरेची हाडे कशी दाबायची, बाळाची पाठ आईच्या पाठीकडे असल्याने कळा सगळ्या कमरेत उतरतात तेव्हा तिला हातागुडघ्यांवर का आणायचे, मोठ्या चेंडूवर बसून कंबर कशी फिरवायची, हे सगळे एकमेकींवर करून शिकावे लागते. एपिड्युरल, म्हणजे कळांचे दुखणे कमी करायला पाठीच्या कण्याजवळ दिले जाणारे औषध, घेतलेली बाई उठू शकत नसेल तर शेंगदाण्याच्या आकाराचा चेंडू तिच्या गुडघ्यांमध्ये ठेवून कूस बदलत राहायचे असते. मेक्सिकोतल्या बायका रेबोसो नावाची लांब शाल पोटाखालून घेऊन हलके झोके देतात. आमच्याकडे ते काम जुनी, मऊ झालेली सुती साडी उत्तम करते, आणि ती बहुधा त्या मुलीच्या आजीच्याच कपाटातून निघते. मात्र हे हात माझेच असावेत असा हट्ट नसतो. चांगल्या प्रशिक्षणात जोर असतो तो नवऱ्याला किंवा आईला हे शिकवून आपण एक पाऊल मागे येण्यावर, कारण उद्या घरी तेच असणार आहेत.

कळ सोसण्याचा सरावही असतो. मुठीत बर्फाचा खडा मिनिटभर धरायला देतात: एकदा नुसता, एकदा श्वासावर लक्ष ठेवून, एकदा समोरचीच्या डोळ्यांत पाहत, आणि एकदा आजूबाजूच्या सगळ्यांना मोठमोठ्याने गप्पा मारायला सांगून. शेवटचा प्रकार सर्वांत असह्य होतो. त्या एका मिनिटानंतर, बाळंतिणीच्या उशाशी उभे राहून पार्किंगविषयी बोलू नये हे कोणाला वेगळे सांगावे लागत नाही.

एवढे सगळे पुस्तकातून आणि सरावातून येते. ज्यासाठी खरे प्रशिक्षण लागते तो भाग वेगळा आहे, आणि माझे उत्तर मुख्यतः तेच आहे: स्वतःचे मत बाहेर ठेवायला शिकावे लागते. म्हणूनच वर्गात प्रत्येकीला आधी स्वतःच्या बाळंतपणाची किंवा आपल्या जन्माची ऐकलेली गोष्ट सांगायला लावतात, आणि ऐकणारीने सल्ला द्यायचा नाही, ‘माझ्या वेळी’ म्हणायचे नाही, धीरसुद्धा द्यायचा नाही अशी अट असते. ती अट पाळताना भल्याभल्या जणी पहिल्या दोन मिनिटांत मोडतात. ज्या बाईला स्वतःचे सिझेरियन टाळता आले असते असे वाटत राहते, ती दुसरीचे सिझेरियन टाळायला निघते. जिने बिनटाक्याचे बाळंतपण अनुभवले ती एपिड्युरल मागणारीकडे किंचित कमीपणाने पाहते. घरातल्या आत्या-मावश्यांच्या सोबतीत ऊब भरपूर असते, पण तिच्यात ही गोष्ट क्वचित असते, कारण त्यांचे त्या मुलीशी नाते असते, तिच्या सासरशी हिशेब असतात आणि ‘आम्ही नाही का सोसलं’ हे वाक्य ओठांवर तयार असते. बाळंतिणीच्या निर्णयात डूलाचा स्वतःचा वाटा नसतो, आणि त्यासाठीच तिला पैसे देणे योग्य आहे असे मला वाटते.

हे प्रत्यक्षात कसे दिसते ते सांगते. कळा मंदावल्या आहेत, डॉक्टरांनी कळा वाढवण्यासाठी सलाईनमधून औषध सुरू करू असे सुचवले आहे आणि ती मुलगी माझ्याकडे पाहून ‘ताई, काय करू?’ असे विचारते. मी ‘घे’ म्हणत नाही आणि ‘नको’ही म्हणत नाही. तिने काय विचारायचे ते आम्ही आधीच्या भेटींत बोललेलो असतो: याचा फायदा काय, धोका काय, दुसरा मार्ग आहे का, आणि अर्धा तास थांबलो तर काय होईल. प्रश्न तिने किंवा तिच्या नवऱ्याने विचारायचे, उत्तर डॉक्टरांनी द्यायचे, मी फार तर तिला विचार करायला दोन कळांमधली शांतता मिळेल एवढे पाहायचे. बाळाचे ठोके घसरले आणि घाई करावी लागली, तर मात्र तेवढा वेळ नसतो, आणि तिथे डॉक्टरांना अडवणारी डूला धोकादायक असते. डॉक्टरांशी भांडायला माणूस हवे म्हणून डूला शोधणाऱ्यांना मी पहिल्याच फोनवर नकार देते. खासगी रुग्णालयांतल्या बाळंतपणांपैकी देशभरात ४७ टक्के सिझेरियनने होतात, हे वर सांगितलेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाने नोंदवलेले प्रमाण मलाही अस्वस्थ करते, पण त्याचे उत्तर लेबर रूममध्ये मिळत नाही. डॉक्टर आणि रुग्णालय निवडताना, पाचव्या-सहाव्या महिन्यात, त्यांचे प्रमाण विचारून मिळू शकते.

प्रमाणपत्राविषयी थोडक्यात. आपल्या देशात डूलासाठी सरकारी नोंदणी किंवा परवाना नाही, त्यामुळे कोणीही स्वतःला डूला म्हणवू शकते. सुईणपणाचे शास्त्रशुद्ध शिक्षण निराळे आहे: २०१८ च्या सरकारी मार्गदर्शक तत्त्वांनुसार ते आधीच पात्र असलेल्या परिचारिकांसाठी अठरा महिन्यांचे आहे. डूलांना प्रमाणपत्र देतात त्या खासगी संस्था, त्यांतली जुनी आणि परिचित म्हणजे १९९२ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेली डोना. अशा संस्थांच्या अभ्यासक्रमात काही दिवसांची कार्यशाळा, नेमलेले वाचन, स्तनपानाचे शिक्षण आणि मग काही बाळंतपणांना प्रत्यक्ष हजर राहून आई व रुग्णालयातले कर्मचारी अशा दोघांकडून लेखी अभिप्राय, असे टप्पे असतात. सिस्टरांचा अभिप्राय मिळवणे आपल्याकडे सर्वांत अवघड जाते, आणि त्यातूनच सर्वांत जास्त शिकायलाही मिळते, कारण लेबर रूम त्यांची असते आणि तिथे आपण पाहुण्या असतो.

या कामात येऊ पाहणाऱ्यांनी घरची बाजूही तपासून घ्यावी. कोणाचा अडतिसावा आठवडा लागला की गावाबाहेर जाता येत नाही, फोन उशाशी ठेवून झोपावे लागते, आणि आपल्या घरी आजारपण आलेच तर जागा घेईल अशी दुसरी डूला आधीच ठरवून तिची ओळख करून द्यावी लागते. उत्पन्न महिन्यागणिक बदलते. एका वेळी एकच सोबती आत सोडणाऱ्या दवाखान्यात नवरा की डूला असा पेच येतो, आणि माझ्या मते तिथे नवऱ्याने किंवा आईने जावे.

शेवटी एक गोष्ट, जी मला कोणी विचारत नाही. माझ्याकडे येतात त्या शहरातल्या, फी परवडणाऱ्या बायका. ज्यांना सोबतीची गरज अधिक, त्या सरकारी दवाखान्याच्या गर्दीच्या लेबर रूममध्ये असतात. केंद्र सरकारने २०१६ मध्येच सार्वजनिक रुग्णालयांत बाळंतिणीजवळ सोबती असू देण्याची सूचना काढली आहे: सोबतीण स्वतः बाळंतपणातून गेलेली असावी, तिला संसर्गजन्य आजार नसावा, कपडे स्वच्छ असावेत, तिने पूर्ण वेळ थांबावे आणि कर्मचाऱ्यांच्या कामात ढवळाढवळ करू नये, जिथे आडोशाची नीट सोय आहे तिथे नवऱ्यालाही आत घेता येते. लेबर रूमची गुणवत्ता सुधारण्यासाठी २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमातही सोबतीचा समावेश आहे. गरोदर बाईला दवाखान्यात घेऊन येणाऱ्या आशाताईला आणि आत जाणाऱ्या आईला किंवा जावेला कंबर कशी दाबायची, कूस केव्हा बदलायची, कोणते चार प्रश्न विचारायचे आणि केव्हा गप्प राहायचे, एवढे एका दुपारी शिकवता येते. आठव्या महिन्यातल्या तपासणीच्या दिवशी त्या सगळ्या तशाही रांगेत दोन-तीन तास बसलेल्या असतात, तेव्हाच हे शिकवावे असे मी सुचवते. कोणाच्या ओळखीच्या आरोग्य केंद्रात अशी सोय होणार असेल, तर मी त्यासाठी फी घेत नाही.