प्रिंटरने शाई नाकारली तेव्हा

बाबांना आता पुस्तकातला बारीक टाइप दिसत नाही. पडद्यावर अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं, पण पडद्याकडे बघितलं की त्यांच्या डोळ्यांना धार लागते. म्हणून गेली दोन वर्षं त्यांना हवा तो मजकूर २४ पॉइंटमध्ये लावून मी कागदावर छापून देते. एका वेळी पंधरा-वीस पानं. ती संपली की आतून हाक येते. आमच्याकडे प्रिंटर बंद पडला म्हणजे बाबांचं वाचनच बंद पडतं.

एका सकाळी प्रिंटरच्या छोट्या पडद्यावर संदेश दिसला: काळं कार्ट्रिज ओळखता येत नाही, बदला. ते मीच दोन महिन्यांपूर्वी बसवलं होतं. मूळ कंपनीचं नव्हतं, कंपॅटिबल म्हणजे दुसऱ्या कुणी त्याच प्रिंटरसाठी बनवलेलं होतं, पण छपाईत एक रेघही कधी फिकी आली नव्हती. आदल्या रात्रीच नऊ पानं काढली होती. रात्री चालणारं कार्ट्रिज सकाळी अनोळखी कसं झालं?

मी ते काढून पुन्हा बसवलं. चिपवरच्या सोनेरी पट्ट्या मऊ फडक्याने पुसल्या. प्रिंटर बंद करून पाच मिनिटांनी सुरू केला. कपाटातलं दुसरं सीलबंद कार्ट्रिज फोडून लावलं, तेही नाकारलं. बाबा दारात येऊन उभे राहिले.

"शाई आहे ना आत?"

"आहे."

"मग छापत का नाही?"

मला उत्तर देता आलं नाही.

त्याच दिवशी त्यांच्या एका जुन्या कागदाची प्रत हवी होती. छपाई नाही तर निदान स्कॅन करून ठेवू, म्हणून झाकण उघडलं. स्कॅनही होईना. तोच संदेश पूर्ण पडदा अडवून बसलेला, आणि पुढे जायला बटणच नाही. स्कॅनरला शाई लागत नाही. वर काच आणि तिच्याखाली सरकणारी दिव्याची व सेन्सरची पट्टी, एवढाच त्याचा संसार. कार्ट्रिजची चिप वाचणारा भाग खराब झाला असता तर छपाई थांबली असती, स्कॅन थांबायचं कारण नव्हतं. इथे मला पहिल्यांदा वाटलं की काही मोडलेलं नाही. थांबायचं हे कुणीतरी लिहून ठेवलंय.

प्रिंटर घरातल्या वायफायवर असतो, त्याला स्वतःचा आयपी पत्ता असतो. तो ब्राउझरमध्ये टाकला की प्रिंटरच्या आतलं माहितीचं पान उघडतं. तिथे फर्मवेअरचा, म्हणजे प्रिंटरच्या आत बसवलेल्या आणि त्याला चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा, क्रमांक होता. प्रिंटर आणला तेव्हा काढलेलं चाचणीचं पान मी फाइलला लावून ठेवलं होतं, त्यावर वेगळा क्रमांक. अपडेट आदल्या रात्री, आम्ही झोपल्यावर उतरलं होतं. 'आपोआप अपडेट' हा पर्याय पहिल्या दिवसापासून चालू होता. तो मी चालू केला नव्हता.

मग दोन-तीन रात्री बसून हे चालतं कसं ते समजून घेतलं. प्रत्येक कार्ट्रिजवर नखाएवढी चिप असते. तिच्यात रंग, प्रकार, क्रमांक आणि किती शाई वापरली याची नोंद असते. प्रिंटर सुरू होताना चिपला प्रश्न विचारतो, चिपने ठरलेल्या पद्धतीने उत्तर दिलं तरच पुढे जातो. माझ्या कार्ट्रिजवरची चिप काल बरोबर उत्तर देत होती, अपडेटने प्रश्नच बदलला. या सगळ्यात शाईची तपासणी कुठेच नाही. ती पातळ आहे की घट्ट, चांगली की वाईट, हे प्रिंटर बघतच नाही. बऱ्याच मॉडेलांमध्ये 'शाई संपत आली' हा इशारासुद्धा आत डोकावून दिलेला नसतो. किती थेंब उडवले याचा तो हिशेब असतो.

हेल्पलाइनवरचा मुलगा सभ्य होता. ओरिजिनल वापरा, छपाईचा दर्जा टिकतो, सुरक्षितता राहते, असं त्याने सांगितलं. आधीचं फर्मवेअर परत टाकता येईल का विचारलं, तर मागे जाता येत नाही म्हणाला. मी स्वतः जुनी फाइल टाकून पाहिली, प्रिंटरने ती घेतली नाही. खोक्यावर तळाशी एक ओळ आहे, इतर चिपची कार्ट्रिज अडवली जाऊ शकतात अशी. घेताना मी ती वाचली नव्हती. पण वाचली असती तरी 'दोन महिने चालू देऊ आणि मग एका रात्रीत बंद करू' हे त्या ओळीतून मला कळलं नसतं.

हे एकट्या माझ्या बाबतीत घडलेलं नाही. १३ सप्टेंबर २०१६ या एकाच दिवशी एचपीच्या अनेक प्रिंटरांनी इतरांच्या चिपची कार्ट्रिज घेणं थांबवलं. ओरड झाल्यावर कंपनीला ती अडवणूक काढणारं वेगळं फर्मवेअर द्यावं लागलं. माझा प्रिंटर दुसऱ्या कंपनीचा, तऱ्हा तीच. कार्ट्रिजवरून अमेरिकेत मोठे खटलेही झालेत. सिनेमे-गाण्यांची कुलपं फोडू नयेत म्हणून तिथे १९९८ मध्ये कायदा झाला, आणि लेक्समार्क या प्रिंटर कंपनीने तोच एका चिप बनवणाऱ्यावर उगारला. २००४ मध्ये अपील कोर्टाने तो दावा मान्य केला नाही. पुढे २०१७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की कार्ट्रिज एकदा विकलं की कंपनीचा त्यावरचा पेटंटचा हक्क संपतो. म्हणजे रिकामं कार्ट्रिज भरून वापरणाऱ्याला पेटंट दाखवून अडवता येत नाही. फर्मवेअरने अडवायला मात्र कंपनीला कोर्टात जावंच लागत नाही. रात्री एक फाइल पाठवली की झालं.

वाचता वाचता रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन प्रोग्रामरची गोष्ट पुन्हा समोर आली. १९८० च्या सुमारास एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्सचा लेसर प्रिंटर आला. आधीच्या प्रिंटरच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यांनी सोय करून घेतली होती, कागद अडकला की वाट बघणाऱ्यांना संदेश जायचा. नव्याचा सोर्स कोड, म्हणजे बदल करता येईल असा सॉफ्टवेअरचा मूळ मजकूर, मिळेना. तो ज्याच्याकडे होता त्या दुसऱ्या विद्यापीठातल्या माणसाने, गुप्ततेचा करार केलाय म्हणून, द्यायला नकार दिला. १९८३ मध्ये स्टॉलमननी ग्नू हा मुक्त सॉफ्टवेअरचा प्रकल्प जाहीर केला, त्यामागे हा अनुभवही होता. ही गोष्ट मी कॉलेजात वाचली होती आणि कागद अडकण्यावरून एवढं काय, असं तेव्हा वाटलं होतं. आता बाबा दारात उभे असताना ती नीट कळली.

उपाय शेवटी ड्रॉवरमध्ये सापडला. प्रिंटरबरोबर आलेली मूळ कार्ट्रिज रिकामी झाल्यावर मी टाकून दिली नव्हती. चिप मूळ कंपनीची असेल तर कार्ट्रिजमधली शाई दुसऱ्या कुणाची असली तरी माझं मॉडेल ते घेतं, असं वाचलं होतं. पातळ ब्लेड चिपच्या कडेखाली तिरकं सरकवलं आणि हळूहळू उचललं. पहिली चिप वाकली आणि तिच्या हिरव्या पाठीला चीर गेली, ती वाया. दुसरीला हेअर ड्रायरची ऊब दिली, गोंद सैल झाला आणि ती अख्खी निघाली. कंपॅटिबल कार्ट्रिजवरची चिप काढून तिथे दुहेरी चिकटपट्टीचा तुकडा लावला, त्यावर ही. दोनदा तिरकी बसली. प्रिंटरच्या आतल्या पिना बरोबर सोनेरी पट्ट्यांवर टेकायला हव्यात, अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झालेलं चालत नाही. तिसऱ्यांदा झाकण लावलं तेव्हा पडद्यावर आलं: वापरलेलं कार्ट्रिज, शाई संपलेली आहे, तरी पुढे जायचं? खाली 'ओके'.

पान बाहेर आलं, नेहमीसारखं काळंभोर. अकराव्या दिवशी.

लगेच दोन कामं केली. प्रिंटरमधलं आपोआप अपडेट बंद केलं. त्यावर भरवसा नव्हता म्हणून राउटरमध्ये जाऊन प्रिंटरचं इंटरनेट तोडलं, घरातल्या घरात तो सगळ्यांना दिसतो, बाहेर बोलू शकत नाही. शाईची मासिक वर्गणी घेतली असेल तर हे जमणार नाही, तिथे प्रिंटरला सतत जोडलेलं राहावं लागतं आणि वर्गणी थांबली की भरलेलं कार्ट्रिजही चालत नाही. हे करताना मला बरं वाटलं नाही. सुरक्षेच्या खऱ्या दुरुस्त्या त्याच फाइलमधून येतात, आणि आता त्याही येणार नाहीत. नेटवर्कवरचं यंत्र अद्ययावत ठेवा असं मी स्वतः सगळ्यांना सांगत आलेय. त्या दुरुस्त्यांच्या पुडीत कंपनीने अडवणूक बांधली, म्हणून मला दोन्ही नाकारावं लागलं. शाईवर कंपनीने पैसे कमवावेत, त्याला माझी हरकत नाही. मी विकत घेतलेल्या वस्तूचे नियम माझ्या घरात, मला न विचारता बदलणं मला मान्य नाही.

या शोधात एक गोष्ट कळली ती मात्र लागली. याच्या आधीचा आमचा प्रिंटर मी भंगारात दिला होता. एके दिवशी त्याचे दोन दिवे आलटून पालटून लुकलुकायला लागले आणि 'एका भागाचं आयुष्य संपलं आहे' असं आलं. मी त्यावर विश्वास ठेवला. आता कळलं की हेड क्लीनिंग, म्हणजे शाई उडवणाऱ्या भागाची सफाई, करताना ओढलेली शाई तळाच्या स्पंजसारख्या पॅडमध्ये जाते, आणि प्रिंटर प्रत्येक क्लीनिंगचा अंदाज मोजत राहतो. आकडा ठरलेल्या मर्यादेला पोचला की सगळं थांबवतो. पॅड ओसंडून शाई टेबलावर येऊ नये, हा हेतू योग्यच आहे. पण पॅड बदला आणि आकडा शून्य करा, हे त्याने मला सांगितलं नाही. हेड चांगलं होतं, रोलर चांगले होते, स्कॅनर चांगला होता. चालतं यंत्र मी माझ्या हाताने उचलून दिलं.

गेल्या महिन्यात दादाचा फोन आला. "अगं, प्रिंटर गेला वाटतं. दोन दिवे लुकलुकतायत, नवीनच बघतोय."

"टाकू नकोस. मी येते."

मागचे दोन स्क्रू काढल्यावर पॅडचा ट्रे बाहेर आला. पॅड काळेजांभळे, पिळले तर हात भरतील इतके ओले. हातमोजे घालून नळाखाली धरले, पाणी स्वच्छ यायला अर्धा तास लागला. दोन दिवस कडकडीत वाळवले. नुसता आकडा पुसून पॅड तसेच ठेवले तर शाई खरंच बाहेर येते, म्हणून ही घाई करायची नाही. मग केबल लावून काउंटर शून्य करणारं छोटं सॉफ्टवेअर चालवलं. आकडा शून्य झाला, दिवे थांबले. शाईची छिद्रं मोकळी आहेत का ते दाखवणारं नोझल चेकचं पान दादाने काढलं, चारही रंगांच्या रेघा अखंड होत्या.

घरी आले तेव्हा बाबांनी आधीची पानं संपवून टेबलावर उलटी ठेवली होती. पुढची वीस लावली. पडद्यावर 'शाई संपलेली आहे' आलं, तसं ते दर वेळी येतं. बाबांना आता त्यातलं बटण माहीत झालंय. त्यांनीच 'ओके' दाबलं.