गुरुंगांच्या पंगतीत वाढपी कोण? इंग्लंडमधील तमू ल्होसार

नेपाळी पंचांगातील पुस महिन्याच्या 15 तारखेला, म्हणजे सहसा 30 डिसेंबरला, नेपाळमधील गुरुंग या जमातीचे नवे वर्ष सुरू होते. गुरुंग स्वतःला तमू म्हणवतात आणि या सणाला तमू ल्होसार. त्यांच्याकडे वर्षे बारा प्राण्यांच्या चक्राने मोजली जातात: उंदीर, गाय, वाघ, मांजर, गरुड, सर्प, घोडा, मेंढी, माकड, पक्षी, कुत्रा आणि हरिण. थोरामोठ्यांशी ओळख झाली की ते आपला ‘ल्हो’, म्हणजे जन्मवर्षाचा प्राणी, विचारतात आणि त्यावरून वयाचा हिशेब बसवतात. इंग्लंडमध्ये नाताळ आणि 1 जानेवारीच्या सुट्ट्यांमध्ये ही तारीख येते, ही मोठीच सोय. तरीही तो दिवस कामाचा निघाला, तर सण बिनदिक्कत जवळच्या शनिवार-रविवारी सरकवला जातो. आपल्या महाराष्ट्र मंडळांचा गणेशोत्सव ज्यांनी येथे पाहिला आहे, त्यांना याचे नवल वाटणार नाही.

आम्ही राहतो तो हॅम्पशरचा भाग, म्हणजे ऑल्डरशॉट, फार्नबरो आणि आसपासची गावे, हा ब्रिटनमधील नेपाळी वस्तीचा एक मोठा पट्टा आहे. जवळच्या चर्च क्रूकहॅमच्या छावणीत 2000 पर्यंत ब्रिटिश सैन्यातील गुरखा सैनिक होते आणि गुरखा पलटणींत कास्की, लमजुंग, गोरखा, स्याङ्जा या जिल्ह्यांतील गुरुंगांची भरती पिढ्यानपिढ्या होत आली आहे. 1 जुलै 1997 नंतर निवृत्त झालेल्या गुरखा सैनिकांना येथे स्थायिक होण्याची मुभा 2004 मध्ये मिळाली. त्याआधी निवृत्त झालेल्यांना, किमान चार वर्षे सेवा झाली असल्यास, तोच हक्क 2009 मध्ये, मोठ्या आंदोलनानंतर मिळाला. त्यामुळे साठी-सत्तरी उलटलेली, इंग्रजी जेमतेम येणारी अनेक जोडपी आयुष्याच्या उत्तरार्धात या थंड गावांत येऊन राहिली. येथील मेळाव्यांमध्ये पुढच्या रांगेत हीच मंडळी बसलेली असतात आणि सगळा घाट बराचसा त्यांच्यासाठी घातलेला असतो.

जेवणाच्या ताटाविषयी लिहायचे तर सुरुवात सेलरोटीपासूनच करावी लागेल. तांदूळ रात्रभर भिजवून, वाटून, त्यात साखर आणि तूप घालून सरसरीत पीठ करतात. ते मुठीतून किंवा भांड्यातून गरम तेलात गोल फिरवत सोडायचे आणि बारीक काडीने ते कडे उलटायचे. शेजारच्या दिदी हे काम मागच्या अंगणात, छत्रीखाली उभ्या राहून करतात, कारण घरात तळण काढले की धुराची घंटा वाजायला लागते. पीठ सोडताना त्यांचा हात थांबत नाही आणि कडे जिथे सुरू झाले तिथेच येऊन मिळते. मी केलेल्या कड्यांचे टोक बाहेर राहते आणि ती कडी मुलांच्या वाटणीला जातात. सेलरोटीबरोबर मटणाचा किंवा डुकराच्या मांसाचा रस्सा, तीळ घातलेले बटाट्याचे लोणचे, गुन्द्रुक म्हणजे आंबवून वाळवलेला पाला, आणि या साऱ्यात टिमुर. हा टिमुर आपल्या कोकणातील तिरफळाचा सख्खा भाऊबंद आहे, त्यामुळे पहिल्याच घासाला जीभ बधिरली तरी मालवणी माणूस दचकत नाही.

नाचणीपासून घरी काढलेली रक्सी मात्र येथे नसते. विनापरवाना दारू गाळणे ब्रिटनमध्ये गुन्हा आहे, त्यामुळे तिची जागा व्हिस्कीने घेतली आहे. सभागृहात मद्यविक्री करायची असेल आणि तात्पुरत्या परवान्यावर भागवायचे असेल, तर अर्ज साधारणपणे किमान दहा कामाचे दिवस आधी द्यावा लागतो आणि एका वेळी 499 पेक्षा जास्त माणसे आत चालत नाहीत, वाढप्यांसकट. गावाकडे पंगतीला किती माणसे येणार, हा प्रश्नच कोणी विचारत नाही. येथे समितीतील एक निवृत्त सुभेदार दारात उभे राहून डोकी मोजतात.

परंतु पदार्थ बदलले म्हणून प्रथा बदलली, असे मला वाटत नाही. गुरुंगांच्या सामुदायिक भोजनाचा कणा कामाच्या वाटणीत आहे आणि तो सर्वांत स्पष्ट दिसतो तो ‘पे’ किंवा अर्घुं या मृत्यूनंतरच्या मोठ्या विधीत. तो मरणानंतर काही महिन्यांनी, कधी वर्षांनीही होतो, अनेकदा तीन दिवस चालतो आणि पच्यू, क्लेप्री किंवा लामा हे पुरोहित मृताच्या आत्म्याला पूर्वजांच्या देशाची वाट दाखवतात. त्यात मामाकडच्यांनी वस्त्र आणायचे आणि घरच्या जावयांनी राबायचे, हे ठरलेले असते. (मामे-आतेभावंडांत लग्ने होत असल्याने मामा आणि सासरे अनेकदा एकच असतात, आपल्याकडे ज्यांनी मामाची मुलगी केली आहे, त्यांना हे समजावून सांगायला नको.) महाराष्ट्रात जावई पाटावर बसतो आणि सासरची माणसे त्याला वाढतात. येथे मी पाहिलेल्या ‘पे’च्या जेवणात, लंडनमध्ये बँकेत मोठ्या हुद्द्यावर असलेला जावई बाह्या सरसावून भाताचे पातेले उचलत होता आणि त्याची सासू बसल्या जागेवरून त्याला सूचना देत होती.

प्रत्येक कुटुंबाने आणलेली रक्कम वहीत लिहिली जाते. आपल्या लग्नातील आहेराच्या वहीसारखीच ही वही पुढे उपयोगी पडते: उद्या त्यांच्या घरी प्रसंग आला की आधी ती उघडली जाते. विधीचा खर्च एका घराला झेपणारा नसतो आणि येथे सभागृहाचे भाडे त्यात वाढले आहे, म्हणून वहीचे महत्त्व कमी न होता उलट वाढलेच आहे. जाणकार पुरोहित मिळणे मात्र अवघड असते आणि काही कुटुंबे हा विधी नेपाळला जाऊनच करतात.

अलीकडे तरुण मंडळींचा आग्रह असतो की सगळे जेवण केटररकडे द्यावे. त्यांचे म्हणणे चुकीचे नाही. शुक्रवारी रात्रपाळी करून आलेल्या माणसाने शनिवारी पहाटे पन्नास किलो कांदा का चिरावा? आमच्याकडच्या गेल्या ल्होसारच्या बैठकीत यावर बराच वाद झाला. शेवटी भात, डाळ आणि रस्सा बाहेरून मागवायचा, सेलरोटी आणि लोणची घरोघरी करायची, आणि वाढायला केटररची माणसे घ्यायची नाहीत, असे ठरले. वाढप्यांची यादी त्याच बैठकीत लिहिली गेली. तिच्यात जावई तर होतेच, पण शेजारी म्हणून पाणी वाढण्याच्या कामासमोर माझेही नाव होते.