सकाळची थंड गाडी : आमच्या गॅरेजची वाटचाल

1997 साली चवथ (गणेशचतुर्थी) आटोपल्यावर गोव्यात तिस्क-उसगावला रस्त्याच्या कडेला आम्ही पत्र्याची शेड घातली. आम्ही म्हणजे मी आणि माझा धाकटा भाऊ. एक जुना कॉम्प्रेसर, दोन जॅक, टायर उचकटायच्या तीन पहारी आणि पंक्चर शोधायला मधोमध कापलेलं पिंप, एवढीच सामग्री. पैसे वडिलांनी दिले, त्या वर्षीच्या कुळागरातल्या सुपारीचे. समोरून दिवसभर खनिजाचे ट्रक जायचे. खाणीवरून भरून जेटीकडे, जेटीवरून रिकामे परत. खेपेवर पैसे मिळत असल्याने ड्रायव्हरला थांबायला वेळ नसायचा, आणि आमचं पोट तो थांबण्यावर होतं.

त्याआधी सहा वर्षं मी फोंड्याला एका मेस्तांच्या हाताखाली काम शिकलो. गोव्यात कारागिराला मेस्त म्हणतात, पुढे मलाही लोक तसंच हाक मारू लागले. पण सगळ्यात मोठा धडा त्यांनी शिकवण्याआधीच माझ्या अंगावर आला. 1993 चा मे महिना होता. बेळगावहून भाजी भरून आलेला एक ट्रक वाफा सोडत दारात थांबला. मेस्त जेवायला घरी गेले होते. मागे भाजी नासतेय म्हणून ड्रायव्हर कासावीस झाला होता. "उघड रे बाबा कॅप, पाणी घालून जातो," असं तो दोनदा म्हणाला आणि मी गोणपाटाचा तुकडा हातात धरून रेडिएटरची, म्हणजे इंजिनाचं पाणी थंड करणाऱ्या जाळीदार टाकीची, कॅप फिरवली. पुढचं मला आवाजापुरतंच आठवतं. उजव्या हाताची कोपरापर्यंतची कातडी सोलली. मान वळवलेली होती म्हणून तोंड वाचलं. महिनाभर मी पाना धरू शकलो नाही.

मला तेव्हा वाटायचं, पाणी उकळतंय तर झाकण काढलं की वाफ जाईल आणि प्रश्न मिटेल. मेस्तांनी मी बरा झाल्यावर जुनी कॅप हातात देऊन तिची स्प्रिंग दाबायला लावली. ही नुसती झाकणी नव्हे, हा दाबाचा व्हॉल्व्ह आहे. साधारण 0.9 बार, म्हणजे बाहेरच्या हवेच्या दाबाच्या जवळपास तेवढाच जास्तीचा दाब ती आत धरून ठेवते, आणि त्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा 100 ऐवजी सुमारे 118 अंशांपर्यंत उकळत नाही. पाण्यात कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवायचं औषध, मिसळलेलं असेल तर त्याहून वर. म्हणजे आतलं पाणी शांत दिसत असलं तरी 110 अंशांवर असू शकतं. कॅप सुटली, दाब गेला, की त्यातलं काही पाणी त्याच क्षणी वाफ होतं. पाण्याची वाफ झाली की तिला दीड हजारपटीहून जास्त जागा लागते. ती जागा तुमच्या हाताची आणि चेहऱ्याची असते. प्रेशर कुकरची शिट्टी चालू असताना झाकण ओढणारी बाई गोव्यात एकही सापडणार नाही, पण गरम रेडिएटर उघडणारे रोज भेटतात.

म्हणून आमच्याकडे पहिल्या दिवसापासून नियम होता : गरम गाडीची कॅप उघडायची नाही. मालक ओरडो, गिऱ्हाईक निघून जावो. कारला निदान अर्धा तास, ट्रकला तास. मग रेडिएटरचा वरचा होज, म्हणजे रबरी पाइप, फडक्यातून हळूच दाबून बघायचा. कडक लागला तर अजून दाब आहे, थांबायचं. मऊ लागला तर जाड कपडा धरून पहिल्या खाचेपर्यंतच फिरवायची, फुसफुस पूर्ण थांबू द्यायची आणि मगच काढायची. या नियमापायी पहिल्या दोन वर्षांत किती ट्रक पुढच्या गॅरेजला गेले, ते मोजलं असतं तर मी कदाचित तो नियम मोडला असता. भाऊ म्हणायचा, "दादा, आपण पंक्चरवाले आहोत, आपल्याला काय करायचंय रेडिएटरचं?" पण माझा हात त्याच्या समोर होता.

ट्रकच्या टायरांचं काम हीच खरी कमाई होती, आणि तिथे धोका वेगळा. तेव्हाच्या ट्रकांच्या चाकांच्या डिस्कला वेगळी लोखंडी रिंग असायची, ती खाचेत बसून टायर धरून ठेवते. रिंग गंजलेली असेल, नीट बसली नसेल, तर हवा भरताना ती सुटते, आणि समोरच्या माणसाला वाचायला वेळ मिळत नाही. आमच्या ओळखीतला एक तरुण मुलगा दुसऱ्या एका ठिकाणी असाच गेला. 2001 साली आम्ही वेल्डरकडून जाड पाइपांचा पिंजरा करून घेतला. त्यात टायर ठेवायचा, लांब नळीने हवा भरायची, रिंगच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही. आणि डिस्क खोलण्याआधी व्हॉल्व्हचा पिन काढून सगळी हवा सोडायची, जोडचाक असेल तर आतल्या टायरचीसुद्धा. पिंजऱ्याला त्या वेळी आमची दोन महिन्यांची शिल्लक गेली.

दुपारी ड्रायव्हर यायचे ते एकच मागणं घेऊन : "मेस्ता, टायर तापलाय, थोडी हवा काढ." हे आजही ऐकतो. चालून तापलेल्या टायरमधली हवा फुगते, साधारण पाच-सहा अंशांना एक पाउंड. म्हणजे कारच्या टायरमध्ये सकाळी 32 असेल तर दुपारी हायवेवर 36-37 दिसणारच. ती वाढ टायर बनवणाऱ्याने धरलेली असते. तुम्ही गरम असताना काढलीत की गाडी थंड झाल्यावर हवा कमी उरते, आणि कमी हवेचा टायर चालताना बाजूने जास्त दबतो, पुन्हा उठतो, पुन्हा दबतो. प्रत्येक फेऱ्याला रबर आतून तापतं. टायर फुटतात त्यातले बरेचसे असे कमी हवेने भाजून फुटतात. लोकांना वाटतं जास्त हवेने फुटला. किती वर्षं मी हे सांगतोय, आणि कितीही वेळा सांगायची माझी तयारी आहे.

2012 च्या सप्टेंबरात खाणी थांबल्या. पुढे ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाचाही आदेश आला. समोरचा रस्ता एका आठवड्यात मोकळा झाला. ज्यांच्याकडे आमची उधारी होती, ते ट्रकमालक स्वतःच बँकेच्या हप्त्यांखाली बुडाले होते, त्यांच्या दारात जाऊन पैसे मागायची मला हिंमत झाली नाही. भाऊ वेर्ण्याला कारखान्यात लागला. दोन पोरं कामाला होती, त्यांना मी दुसरं काम बघायला सांगितलं, आणि ते सांगितल्याची रात्र मला अजून आठवते.

तेव्हा कारकडे वळणं भागच होतं. टुरिस्ट टॅक्सीवाले, भाड्याने दिल्या जाणाऱ्या गाड्या, लग्नाच्या मिनीबस. या लोकांचं दुखणं मला ट्रकवाल्यांपेक्षा लवकर कळलं, कारण ते बहुतेक वेळा एकच होतं : गाडी गरम होते. अनमोड किंवा चोर्ला घाट चढताना दुसऱ्या गिअरमध्ये, एसी चालू, सहा माणसं आणि सामान. इंजिनावर ताण पूर्ण, आणि वेग नसल्याने समोरून वारा जवळपास नाही. सगळी भिस्त पंख्यावर. त्यात आमच्याकडची लाल धूळ. रेडिएटरच्या जाळीत ती बसते, पावसात तिचा चिखल होतो, उन्हात वाळून वीट होते. बाहेरून कंडेन्सर, म्हणजे एसीची पुढची जाळी, चकचकीत आणि त्याच्यामागचा रेडिएटर मातीने लिंपलेला, अशा गाड्या आम्ही शेकड्यांनी खोलल्या. धुताना पाणी इंजिनाच्या बाजूकडून बाहेर मारायचं आणि हळू मारायचं, जोराच्या फवाऱ्याने जाळीचे पातळ पत्रे मुडपतात.

आणि हळद. गळणाऱ्या रेडिएटरमध्ये मूठभर हळद टाकायची जुनी रीत आहे. गळती थांबते, हे खरं. भोकात जाऊन फुगून बसते. पण तीच हळद बारीक नळ्यांतही बसते, आणि सहा महिन्यांनी रेडिएटर अर्धा बंद. रस्त्यात अडकलात आणि घरी पोचायचंय, तर मी दोष देणार नाही. पण दुसऱ्या दिवशी येऊन सांगा तरी, की हळद घातली आहे. न सांगता आलेल्या गाड्यांनी आमचे दिवसच्या दिवस खाल्लेत.

विहिरीचं पाणी तसंच. उन्हाळ्यात जरा जरा पाणी घालत गेलं की कूलंट पातळ होतं, गंज न धरू देणारं औषध संपतं, पाणी तांबडं होतं. कूलंटचं काम फक्त थंड करणं नाही, आतला धातू सांभाळणंही आहे. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट अर्धं-अर्धं, किंवा तयार मिसळलेलं घ्या. रंगावर जाऊ नका. हिरवं, लाल, निळं हे कंपन्यांनी दिलेले रंग, दोन लाल एकच असतील असं नाही, आणि भलतं मिसळलं तर आत चिकट गाळ होतो. मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच.

2013 च्या मे महिन्यात सत्तरी तालुक्यातलं एक कुटुंब चोर्ल्यावरून टोचन करून आलं. काटा लालमध्ये गेल्यावरही "वर पोचू, मग बघू" म्हणून गाडी चढवली, शेवटी थांबून तापलेल्या इंजिनात ओढ्याचं गार पाणी ओतलं. ऑइलची कांडी काढली तर दुधाळ चहा, म्हणजे ऑइलमध्ये पाणी शिरलेलं. इंजिनाच्या वरच्या भागाला, म्हणजे हेडला, तडा होता आणि त्याखालची सील, म्हणजे गॅस्केट, उडालं होतं. मूळ कारण खालचा होज. टोकाला क्लिपजवळ फुगून मऊ झालेला, हाताने चाचपला असता तर कळलं असतं. काही शे रुपयांच्या पाइपपायी त्या माणसाचं मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेलं पैशांचं पाकीट माझ्या टेबलावर आलं. मला ते घेताना फार वाईट वाटलं.

त्याच महिन्यात मी फुकट तपासणी सुरू केली. सकाळी साडेसहा ते आठ, आणि अट एकच, गाडी थंड हवी, म्हणजे जवळपासची हवी. टायरची हवा टायर थंड असतानाच खरी कळते, दोनएक किलोमीटरहून जास्त चालवून आणली तर आकडा फसवा. कूलंटची पातळीही इंजिन थंड असतानाच बघायची. होज चाचपायचा, बेल्ट बघायचा, वॉटर पंपाखाली थेंबाचा डाग आहे का बघायचा. कार असेल तर दहा मिनिटं. पहिल्या महिन्यात दिवसाला एक-दोन गाड्या आल्या. वर्षभराने टॅक्सीवाले एकमेकांना घेऊन येऊ लागले, आणि त्यावर आमचा धंदा उभा राहिला. 2018 च्या मार्चमध्ये खाणी पुन्हा बंद पडल्या तेव्हा आम्हाला एकालाही घरी पाठवावं लागलं नाही. 2020 चं टाळेबंदीचं वर्ष कसंबसं काढलं, त्याबद्दल वेगळं सांगण्यासारखं काही नाही. सगळ्यांनीच काढलं.

सकाळच्या तपासणीत एक गोष्ट कळली, जी ट्रकांच्या काळात कधी दिसली नव्हती. आपल्याकडे कितीतरी घरांतला मुलगा आखातात किंवा विलायतेत असतो, गाडी दारात उभी. वर्षातून दीड-दोन महिने चालते. टायरची नक्षी नव्यासारखी, मालक म्हणतो, "टायर अजून कोरे आहेत." बाजूला चार आकडे वाचून दाखवले की गप्प होतो. 2214 म्हणजे 2014 सालचा बाविसावा आठवडा. रबर वापरलं नाही तरी म्हातारं होतं, बाजूला केसासारख्या भेगा पडतात. अशा टायरांवर विमानतळावरून थेट घाटात जाणं मला भीतीचं वाटतं, आणि मी ते तोंडावर सांगतो. नक्षीचं उलट आहे. कायद्याने तिची खोली 1.6 मिलिमीटरपर्यंत उतरली तरी चालते, पण गोव्याच्या आषाढात, रस्त्यावर पाणी उभं असताना, 3 च्या खाली गेलेला टायर पाणी कापत नाही, त्यावर तरंगतो. मृगाच्या आधी बदला. दोनच घेत असाल तर नवे मागे घाला. लोक पुढे मागतात, आणि मग ओल्या वळणावर मागची बाजू फिरते.

आम्ही नाही म्हणतो अशी कामं आहेत. टायरच्या बाजूच्या भिंतीचं पंक्चर काढत नाही. मातीत जॅक लावून, खाली घोडी (लोखंडी टेकू) न ठेवता गाडीखाली कुणाला जाऊ देत नाही. चाकाचे नट समोरासमोरचे, क्रमाने आवळतो, आणि शंभर किलोमीटरच्या आत परत बोलावतो. जुनं कूलंट गटारात सोडत नाही. ते गोड लागतं आणि विषारी आहे. 2009 मध्ये आमचा कुत्रा ट्रेमधलं चाटून दोन दिवसांत गेला. तेव्हापासून ट्रे झाकलेला असतो, आणि पोरांना पहिल्या दिवशी तो कुत्रा कसा गेला ते सांगतो.

भाऊ 2016 ला परत आला. आता आम्ही सातजण आहोत, शेडच्या जागी पक्कं बांधकाम आहे, कॅप आणि रेडिएटरचा दाब तपासायचा पंप आहे, संगणकावर चाकांची अलाइनमेंट होते. पिंजरा तोच आहे, दोनदा वेल्डिंग केलेला.

उद्या पहाटे दोन मिनीबस वऱ्हाड घेऊन अनमोडमार्गे बेळगावला जायच्या आहेत. मालकाला सांगून आज संध्याकाळीच आमच्या आवारात लावून घेतल्या. साडेपाचला धाकटा पोरगा येईल, इंजिन सुरू करण्याआधी स्टेपनीसकट चौदाही टायरांची हवा बघेल, मग दोन्ही कॅपा उघडेल.