आपली किती?

गावाकडून कुणी आलं की चपला काढता काढताच विचारतं, "तुमच्या बिल्डिंगीत आपली किती गं?" आता तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते. सोळा घरं आहेत. मराठी पाच, त्यातल्या एकाला कुलूप. मंडळी मुलाकडे पुण्याला असतात. बाकी मल्याळी, तमिळ, पंजाबी, गुजराती आणि भाड्याने राहणारं एक ओडिया जोडपं.

वाशीत याचं कुणाला नवल नाही. इथे केरळ हाऊस आहे, आसाम भवन आहे. आम्ही तरी कुठले इथले? आमचं गाव पाटण तालुक्यात. वडील दाणाबंदरात माथाडी. धान्यबाजार मुंबईतून वाशीत आला आणि पोत्यांमागोमाग आम्हीही आलो. हे सगळं १९७० साली स्थापन झालेल्या सिडको या सरकारी महामंडळाचं शहर, आणि त्याखाली ९५ गावांची जमीन. वाशीगावातली मासळीवाली मावशी घासाघीस करताना ऐकवतेच, "तुमी सगली बाहेरचीच." मग माझी घासाघीस संपते.

आमच्या समोर चेची राहतात. खरं नाव वेगळं, पण मल्याळीत चेची म्हणजे ताई, म्हणून सगळी बिल्डिंग त्यांना चेचीच म्हणते. निवृत्त नर्स. मार्च संपला की त्या मला विचारतात, "बहावा कुठे फुललाय?" विशू या केरळी सणाच्या पहाटे डोळे उघडल्याबरोबर जे बघायचं, त्या कणीत बहाव्याची पिवळी फुलं लागतात. आपण ते झाड उन्हाळ्याचं म्हणून बघतो, त्या ते सणाचं म्हणून शोधतात. मी सकाळी फिरताना झाडं हेरून ठेवते. एका वर्षी फुलोरा लांबला आणि आम्ही दोघी तीन सेक्टर पालथे घातले. हाताशी लागल्या दोन डहाळ्या, त्याही एका वॉचमनची नजर चुकवून. विशूला मोठ्यांनी लहानांना पैसे द्यायचे असतात, त्यामुळे माझी लेक त्या दिवशी हाक न मारता उठायची.

वरच्या तमिळ आजी गणेश चतुर्थीला कोळुकट्टै करतात. तांदळाची उकड, आत गूळखोबरं. आमच्या मोदकाला कळ्या असतात एवढाच फरक, पण मूळ कुणाचं यावर आमचं दरवर्षी वाजतं. वाजून झाल्यावर मी माझे मोदक त्यांच्याच इडलीपात्रात उकडते.

भाषेचं विचाराल तर ती हिंदी. दोष माझा. चेचींशी पहिलं वाक्य मीच हिंदीत बोलले, आणि अठ्ठावीस वर्षं तेच चाललंय. त्या बसवरची मराठी पाटी झरझर वाचतात, भाजीवाल्याशी मराठीत भांडतात, माझ्याकडे वळल्या की हिंदी.

इथे येण्याआधी आम्ही घर बघत होतो, तेव्हा एका सोसायटीत आमचं आडनाव ऐकून विचारलं होतं, "नॉनव्हेज खाता का?" खातो म्हटल्यावर फ्लॅट अचानक 'दिला गेला'. तो राग मी कित्येक वर्षं जपला. आलेल्यागेलेल्याला तिखटमीठ लावून सांगितला.

आणि सहा वर्षांपूर्वी आमच्याच बिल्डिंगीत दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट बघायला एक मुसलमान कुटुंब आलं. नवरा-बायको, दोन मुलं. बाई जिन्यात माझ्याशी चांगल्या कोकणी वळणाच्या मराठीत बोलल्या. पाणी किती वाजता येतं, गच्चीवर कपडे वाळत घालू देतात का. त्या रविवारी मीटिंग झाली. "आपल्यात बसतील का?" असं एकाने म्हटलं. तो मराठीच. गुजराती काकांनी मान डोलावली, पंजाबी भाभी गप्प, चेची गप्प. मीही गप्प. ठराव वगैरे काही झाला नाही, लागतही नाही. मालकाला फोन गेला, बस.

तेव्हापासून तुमचं ते "आपली किती" कानावर आलं की मला आधी तो रविवार आठवतो, मग मी आकडा सांगते.

ते कुटुंब शेजारच्या सेक्टरात राहतं. शनिवारी बाजारात बाई दिसतात कधीकधी, मोठा मुलगा आता त्यांच्यापेक्षा उंच झालाय. परवा कोथिंबीर निवडताना अगदी शेजारी होत्या. "जुडी केवढ्याला दिली?" त्यांनी मला विचारलं. मला ओळखलं नव्हतं. मी म्हटलं, वीसला.