४२ सकाळींची वही

इंदूरला रामबागेत आमचे घर आहे. मुलगा चार वर्षांचा असताना एका सकाळी त्याच्या डोळ्यांवर सूज दिसली. जवळच्या एका दवाखान्यात ती अ‍ॅलर्जी समजून औषध देण्यात आले, आणि दुपारपर्यंत सूज उतरत असल्यामुळे आम्हांलाही ते पटले. आठवड्याभरात पाय आणि पोट सुजले, चड्डीचे इलॅस्टिक कमरेत रुतू लागले, तेव्हा कुठे लघवी तपासली गेली. लघवीत प्रथिने ४+, म्हणजे खूपच जास्त, आणि अल्ब्युमिन हे रक्तातील मुख्य प्रथिन फक्त १.६. निदान नेफ्रोटिक सिंड्रोमचे होते, म्हणजे मूत्रपिंडाच्या गाळण्यांतून रक्तातील प्रथिने लघवीवाटे वाहून जात होती.

अशा दहापैकी आठ-नऊ मुलांना प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड लागू पडते, असे सांगून ते सुरू करण्यात आले. बारा दिवस झाले तरी लघवीत बुडवायच्या तपासणी-पट्टीचा रंग हिरवट-निळाच, म्हणजे प्रथिने असल्याचाच, येत राहिला. म्हणून आम्ही मुलांच्या मूत्रपिंडविकाराच्या तज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी आधीची चिठ्ठी पाहिली आणि सर्वांत आधी मुलाचे सूज नसतानाचे वजन विचारले. ते १५ किलो होते. किलोमागे रोज २ मिलीग्राम या हिशेबाने ३० मिलीग्राम द्यायला हवे होते, आणि दिले जात होते १५. “ताई, हे बारा दिवस आपल्याला धरता येणार नाहीत,” ते म्हणाले. “पूर्ण मात्रा रोज सहा आठवडे दिल्यावरही लघवीतील प्रथिने थांबली नाहीत, तरच स्टेरॉइडला दाद नाही असे म्हणता येते.” म्हणजे ४२ दिवस, आणि ते त्या दिवसापासून मोजायचे. मला त्या क्षणी राग आला होता. मात्र अर्ध्या मात्रेच्या भरवशावर मुलावर ‘रेझिस्टंट’ (स्टेरॉइडला दाद न देणारा) असा शिक्का बसला असता आणि पुढची जड औषधे सुरू झाली असती, हे लक्षात आल्यावर त्यांच्या काटेकोरपणाबद्दल मनात फक्त कृतज्ञता उरली.

त्या दिवसापासून मी वही ठेवली. सकाळची पहिली लघवी, पट्टीचा निकाल, वजन, गोळ्या, ताप किंवा सर्दी. आहारात मीठ कमी करायचे होते, आणि ज्या शहरात पोह्यांवर शेव आणि जीरावन मसाला भुरभुरल्याशिवाय सकाळ होत नाही, तिथे ते सोपे नव्हते. सासूबाईंनी शेवेचा डबा घरातूनच हलवला आणि स्वतःही पापड-लोणचे सोडले. गोळ्यांमुळे मुलाचा चेहरा फुगला, भूक वाढली, तो चिडका झाला. नातेवाईक स्टेरॉइड बंद करा म्हणत. ते एकाएकी बंद केल्यास शरीराची स्वतःची संप्रेरके अपुरी पडून जीव धोक्यात येऊ शकतो, हे मी प्रत्येकाला शांतपणे सांगत राहिले. मधल्या काळात मूत्रमार्गाचा संसर्गही झाला. संसर्ग असताना औषधाचा परिणाम दिसायला उशीर होऊ शकतो, म्हणून तो आधी बरा करण्यात आला.

४२व्या सकाळी पट्टी ३+ होती. वहीतील एकाही ओळीत ‘नाही’ किंवा ‘किंचित’ असा निकाल नव्हता, तो सलग तीन दिवस मिळणे तर दूरच.

पुढचा टप्पा बायॉप्सीचा, म्हणजे मूत्रपिंडाचा बारीक तुकडा काढून तपासण्याचा, होता. तुकडा घेतल्यावर मुलाला पाठीवर झोपवून ठेवले होते, आणि प्रत्येक लघवीत रक्ताचा रंग दिसतो का ते मी पाहत होते. अहवालात एफएसजीएस निघाले, म्हणजे काही गाळण्यांचा काही भाग व्रणासारखा घट्ट झाला होता. जनुकीय तपासणीचा नमुनाही बाहेरगावी पाठवला. स्टेरॉइडला दाद न देणाऱ्या काही मुलांत गाळणीच्या रचनेचे जनुकच सदोष असते, आणि त्यांना रोगप्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांचा सहसा उपयोग होत नाही. निकाल येईपर्यंतचे दिवस सर्वांत कठीण गेले. ज्ञात जनुकांत दोष आढळला नाही.

मग टॅक्रोलिमस हे रोगप्रतिकारशक्ती दाबणारे औषध सुरू झाले: बारा तासांच्या अंतराने दोनदा, आणि सोबत लघवीतील प्रथिने कमी करणारे एनालाप्रिल. रक्तातील टॅक्रोलिमसची पातळी मोजायची असेल त्या सकाळी मात्रा रक्त दिल्यानंतरच द्यायची, ही गोष्ट मी पहिल्या वेळी विसरले होते आणि तो निकाल वाया गेला. ही चूक कोणाच्याही हातून होऊ शकते, म्हणून आवर्जून लिहीत आहे. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ततपासणी), साखर आणि रक्तदाब यांवरही लक्ष ठेवावे लागते, कारण हेच टॅक्रोलिमस मूत्रपिंडाला इजाही करू शकते. जुलाब झाले की पातळी वाढते. तेव्हा डॉक्टरांना लगेच कळवायचे. जिवंत विषाणूंच्या लसी तूर्त थांबवल्या आहेत. न्यूमोनियासारख्या संसर्गापासून बचाव करणारी न्यूमोकॉकलची लस दिली आहे.

स्टेरॉइड आता एक दिवसाआड आणि अगदी कमी मात्रेत आहे. टॅक्रोलिमस सुरू होऊन दहा महिने झाले. पट्टी बहुतेक सकाळी १+ येते, अल्ब्युमिन ३.२ आहे, सूज नाही. डॉक्टर याला अंशतः सुधारणा म्हणतात आणि औषध निदान दोन वर्षे चालेल असे सांगतात. वहीचा तिसरा भाग परवाच सुरू केला. पट्टीचा रंग बाटलीवरच्या रंगांशी आता मुलगा स्वतःच जुळवून पाहतो आणि मला आकडा सांगतो.