बागेतल्या गांधीलमाश्या: हंगामाची नोंदवही

आठवडा १
अवजारांच्या शेडमध्ये वाशाला खालून बोटाच्या पेराएवढं पोळं लागलं आहे. बारीक काळपट देठ, त्याला लटकलेले राखाडी कागदाचे सात कप्पे, तोंडं खाली. आत डोकावलं तर भिंतीला चिकटलेलं एकेक पांढरं अंडं दिसतं. वर माशी एकटीच, म्हणजे राणी. लाकूड खरवडून, लाळेत मळून भिंती तीच चढवते, मुंग्या येऊ नयेत म्हणून देठाला स्राव तीच चोपडते. कामकरी माश्या बाहेर पडायला साधारण महिना-दीड महिना लागतो, आणि पोळं हलवायचं असेल तर तेवढीच सोपी मुदत हातात असते.

इथे दार रोज उघडतं आणि पोळं डोक्याच्या उंचीवर आहे, तेव्हा काढणं भाग होतं. राणी बाहेर गेल्यावर लांब बांबूला खुरपं बांधून देठ मुळापासून खरवडला आणि जागा साबणाच्या पाण्याने पुसली. देठाचा बुडखा राहिला तर ती तिथूनच पुन्हा सुरुवात करू शकते. पुढचे आठ दिवस रोज वर नजर टाकायची, फक्त त्याच जागी नाही, आजूबाजूच्या वाशांवरही.

आठवडा ३
कुंडीच्या मागे मातीचं घरटं. हे कुंभारीण माशीचं. ती एकटी राहते, आत कोळी किंवा अळ्या भरून ठेवते, घरट्यासाठी अंगावर धावून येत नाही. तसंच राहू दिलं आहे.

आठवडा ५
कोबीच्या वाफ्यामागच्या कुंपणात दुसरं पोळं. चाळीसेक कप्पे, वर नऊ माश्या. हे काढायचं नाही, असं ठाम मत आहे. सकाळी दहाच्या सुमारास एक माशी कोबीच्या पानावर उतरली, पानाच्या शिरेलगतची हिरवी अळी जबड्यात धरली, चावून चावून तिचा ओला गोळा केला आणि पिल्लांसाठी घेऊन गेली. फुकट मिळणारा असा राखणदार हाकलून मग फवारणीचा पंप उचलणं हे उलटंच काम.

मात्र कुंपणाची छाटणी हीच डंख बसण्याची हमखास वेळ. आधी पाच मिनिटं बाजूला उभं राहून एकाच फटीत माश्यांची ये-जा दिसते का ते पाहायचं. मग तीन मीटर लांबीच्या बांबूने फांद्या हलवून थांबायचं. पोळ्यावरच्या माश्या तोंड आपल्याकडे करून पंख उचलून उभ्या राहिल्या, की ती शेवटची ताकीद समजायची आणि सावकाश मागे सरकायचं. या पोळ्याच्या दोन्ही बाजूंनी मीटरभर कुंपण न छाटता सोडलं आहे.

याच आकाराचं पोळं वाटेवर असतं तर संध्याकाळी, सगळ्या परतल्यावर, साबणाचं पाणी मारता आलं असतं: १ लिटर पाण्यात भांड्यांचा द्रव साबण २० मिली. साबणामुळे पाणी अंगावरून ओघळून न जाता श्वासछिद्रांत शिरतं. धार जाड हवी. तुषार मारले तर माश्या नुसत्या भिजतात आणि चिडतात.

आठवडा ८
झाडावर फुटबॉलएवढं बंद पोळं: तपकिरी-पिवळसर पट्ट्यांचं कवच, एकच भोक. या मोठ्या गांधीलमाश्या. इथे साबणाचं पाणी चालत नाही, कारण कागदी कवचाच्या थरांमुळे ते आतल्या कप्प्यांपर्यंत पोचतच नाही. पेट्रोल, पेटता बोळा, दगड यांतलं काहीही करू नका. रात्री हातात टॉर्च धरून जाणं तितकंच वाईट, त्या उजेडाच्या रोखाने येतात. जमिनीतल्या पोळ्याचं भोक बुजवलं तर त्या दुसरीकडून वाट काढतात. सहा मीटरवर दोरी बांधली आहे आणि त्या हद्दीत गवत कापायचं यंत्र बंद, कारण थरथरीनेच त्या उठतात. पोळं काढणं संरक्षक पोशाख असलेल्या जाणकाराचंच काम.

डंखाबद्दल एवढं पक्कं ठेवा: मधमाशीची नांगी कातडीत अडकून राहते, गांधीलमाशीची राहत नाही, त्यामुळे एकच माशी पुनःपुन्हा डसते. पोळ्याजवळ तिला चिरडलं तर विषातला वास बाकीच्यांना बोलावतो. हात न झटकता तडक घरात शिरायचं. डंखाची जागा साबणाने धुवून कापडात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं. ओठ किंवा जीभ सुजणं, अंगभर पित्त उठणं, धाप, चक्कर यांतलं काहीही दिसलं किंवा एकदम बरेच डंख बसले, तर क्षणभरही न थांबता रुग्णालय.

आठवडा १४
फळं गळू लागली आणि माश्या गोडाकडे वळल्या. गळ रोज सकाळी उचलायची, जाड हातमोजे घालून. वरून अखंड दिसणारं फळ आधी काठीने उलटवा: खालच्या बाजूला भोक असतं आणि माशी आत बसून गर खात असते.