येतो म्हण

दुपारी शेजारचा पाच वर्षांचा मुलगा आमची वाटी परत द्यायला आला. वाटीत चार शेंगदाणे. रिकामी वाटी परत करायची नसते, हे त्याच्या आईला पक्कं ठाऊक. वाटी हातात ठेवून तो "जातो" म्हणाला आणि वळला.

"जातो नाही रे, येतो म्हण."

तो थांबला. "पण मी तर जातोय."

आता काय सांगणार? "तरी येतो म्हणायचं." तो "येतो" म्हणून गेला आणि दहा मिनिटांनी खरंच दारात हजर. शब्दाला जागला बिचारा.

मी तरी कुठे समजून शिकलो होतो? साक्रीकडच्या आमच्या गावात आजी सगळ्यांना अरे-तुरे करायची. तलाठ्यालाही, आणि श्रावणात घरी बसणाऱ्या कानबाई देवीलाही. त्यात काही वावगं आहे असं कुणाला वाटत नसे. पण निघताना कुणी आमच्या अहिराणीत "जास" म्हटलं, की तिच्या कपाळाला आठ्या. "येस म्हन रे भाऊ!" तेव्हापासून निघताना "येस" हे इतकं अंगात भिनलं, की पुढे शाळेत हजेरीला "येस सर" म्हणताना मला वर्गातून उठून चालल्यासारखं वाटे.

यात आजी काही एकटी नव्हती. नंदुरबार ओलांडून सुरतेकडे गेलं की निरोपाला "आवजो", म्हणजे "या", म्हणतात. तमिळ घरातलं पोर निघताना "पोयिट्टु वरेन" म्हणतं. जपानी पोर दप्तर पाठीला लावून "इत्ते किमासु" म्हणत उंबरठा ओलांडतं. दोन्हींचा अर्थ एकच, जाऊन येतो. तिकडे अमेरिकेत जीन बर्को ग्लीसन आणि सँड्रा वाइनट्रॉब या दोघी संशोधकांनी हॅलोविनला दारोदार खाऊ मागत फिरणाऱ्या मुलांचं बोलणं टिपलं होतं. १९७६ साली तो अभ्यास छापून आला. आईबाप मागून ढोसतायत, थँक्यू म्हण, थँक्यू म्हण. का म्हणायचं, ते सांगायच्या भानगडीत कुणी पडत नाही. माझ्या आजीला हे अगदी पटलं असतं.

"येतो" कुठे म्हणायचं नाही, हे मात्र मला कुणीच सांगितलं नव्हतं. दहा वर्षांचा असेन. आईबरोबर नात्यातल्या एका घरी दारावर गेलो होतो. तरणा मुलगा गेला होता त्यांचा. ओट्यावर माणसं गप्प बसलेली, आत बायांचं रडणं. चहा न घेताच आई उठली, काही न बोलता चपला घालू लागली. आणि मी, आजीला अभिमान वाटावा असा, खणखणीत म्हणालो, "येस हां!"

आईने माझा दंड धरला. मुलाच्या म्हाताऱ्या बापाने मान वर केली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "ये, भाऊ."

परतीच्या एसटीत नेर येईपर्यंत आईने माझा दंड सोडला नाही.